कंस कधी सोडवायचा आणि कधी नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकला आणि आता पुण्यात डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. बेसिक मॅथेमॅटिक्सची सुरुवातच लॉगॅरिदमने झाली. लॉग₂ क्ष + लॉग₂(क्ष − २) = ३ हे समीकरण सोडवल्यावर त्याला ४ आणि −२ अशा दोन किंमती मिळाल्या, पण पुस्तकात उत्तर फक्त ४ आहे. शिवाय कंस सोडवताना चिन्हं हमखास चुकतात. (क्ष + ३)² − (क्ष − १)(क्ष + ५) चं उत्तर त्याने १०क्ष + ४ काढलंय. वहीच्या समासात एक कच्ची ओळही आहे: लॉग(क्ष + ३) = लॉग क्ष + लॉग ३. शेवटी तो विचारतो, "सूत्रं पाठ करू, की आठवीपासून परत सगळं करू?"

मी पुण्यात बरीच वर्षं अकरावी-बारावीच्या आणि डिप्लोमाच्या मुलांना गणित शिकवते. हा प्रश्न दरवर्षी पहिल्या सहामाहीत कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तू हे दोन वेगळे प्रश्न समजून विचारलेस, पण समासातली ती ओळ बघितल्यावर मला दोन्हींचं मूळ एकच वाटतं. कंस दिसला की बाहेर जे असेल ते आतल्या प्रत्येक पदाला लावायचं, ही सवय तुझ्या हाताला लागली आहे. ३(क्ष + २) मध्ये ती बरोबर आहे, कारण तिथे ३ आणि कंस यांच्यामध्ये गुणाकार आहे आणि गुणाकार बेरजेवर वाटला जातो. लॉग(क्ष + ३) मध्ये मात्र गुणाकार कुठेच नाही. तिथला कंस एवढंच सांगतो की लॉग कोणाचा घ्यायचा आहे: क्ष + ३ या अख्ख्या राशीचा. (क्ष + ३)² मध्येही वर्ग अख्ख्या राशीचा आहे, म्हणून तो आत शिरून क्ष² + ९ असा होत नाही. याच सेमिस्टरला तुला त्रिकोणमितीही आहे. तिथे साइन(अ + ब) साठी एक वेगळं, लांबलचक सूत्र का शिकवतात, याचंही कारण हेच.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, आकडे घालून बघ. क्ष = ७ घे. डावीकडे लॉग १०, म्हणजे १ (इथे लॉगचा पाया १० धरला आहे; पाया म्हणजे काय ते पुढच्या परिच्छेदात येतं). उजवीकडे लॉग ७ + लॉग ३ = ०.८४५१ + ०.४७७१ = १.३२२२. हा १.३२२२ कुणाचा लॉग आहे? २१ चा, म्हणजे ७ × ३ चा. लॉगांची बेरीज केली की आतल्या संख्यांचा गुणाकार होतो. आतल्या संख्यांची बेरीज केली तर तिच्यासाठी लॉगचा कुठलाही नियम नाही.

असं का, हे कळलं की नियम पाठ करायची गरज बरीच कमी होते. लॉग₂ ८ म्हणजे एक साधा प्रश्न आहे: २ चा कितवा घात केला की ८ मिळतात? तिसरा, म्हणून उत्तर ३. लॉगची किंमत म्हणजे घातांक, आणि ज्याचा घात करायचा ती संख्या, इथे २, म्हणजे लॉगचा पाया. उलट्या बाजूने बघायचं तर ८ ला किती वेळा निम्मं केलं की १ उरतो? तीन वेळा. नवव्या शतकात जैन आचार्य वीरसेन यांनी संख्या किती वेळा निम्मी करता येते याचा असाच विचार 'अर्धच्छेद' या नावाने मांडला होता, आणि आजच्या भाषेत तो २ हा पाया असलेला लॉगच होतो. आता ४ × ८ = ३२ हा गुणाकार घे. ४ हा २ चा दुसरा घात, ८ हा तिसरा आणि ३२ हा पाचवा. पाया सारखा असला की गुणाकारात घातांकांची बेरीज होते, हे तू आठवीतच शिकला आहेस. लॉगचा पहिला नियम म्हणजे तेच वाक्य लॉगच्या भाषेत लिहिलेलं आहे. भागाकाराला वजाबाकी, घाताला गुणाकार हे बाकीचे दोन नियमही तिथूनच निघतात.

जॉन नेपियरने १६१४ साली लॉगॅरिदमची कोष्टकं छापली ती मुळात याच सोयीसाठी. खगोलशास्त्राचे अवाढव्य गुणाकार बेरजेवर आणायचे होते. पुढे हेन्री ब्रिग्जने १० हा पाया धरून कोष्टकं तयार केली, पहिली १६१७ मध्ये. आपलं लॉग टेबल त्याच घराण्यातलं. बेरीज सोपी करण्यासाठी कुणाला लॉगची गरजच नव्हती, त्यामुळे लॉग(अ + ब) फोडायचं सूत्र शोधत बसू नकोस.

आता तुझं समीकरण. लॉग₂ क्ष + लॉग₂(क्ष − २) = ३. दोन लॉगांची बेरीज, पाया सारखा, म्हणून लॉग₂[क्ष(क्ष − २)] = ३. लॉग काढून टाकला की क्ष(क्ष − २) = २³ = ८. इथून पुढे लॉग संपला. कंस सोडव: क्ष² − २क्ष − ८ = ०. अवयव पाड: (क्ष − ४)(क्ष + २) = ०. क्ष = ४ किंवा क्ष = −२. तू इथवर अचूक आला आहेस.

मग −२ का चालत नाही? ती किंमत मूळ समीकरणात ठेव. पहिलंच पद लॉग₂(−२) होतं. २ चा कुठला घात केला तर −२ मिळेल? धन घातांकाने मोठ्या संख्या मिळतात, शून्याने १ मिळतो, ऋण घातांकाने १/२, १/४, १/८ असे अपूर्णांक मिळतात. ऋण संख्या किंवा शून्य कधीच मिळत नाही. म्हणून लॉगच्या आतली राशी शून्यापेक्षा मोठी असलीच पाहिजे. तू ज्या वास्तव संख्यांमध्ये काम करतोयस, तिथे याला अपवाद नाही.

तरीही ही जादाची किंमत आली कुठून, हे बघण्यासारखं आहे. क्ष = −२ असताना क्ष(क्ष − २) म्हणजे (−२)(−४) = ८. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन झाला. दोन लॉग एकत्र केलेस त्या क्षणी दोन्ही राशी धन आहेत ही अट समीकरणातून दिसेनाशी झाली, आणि दोन्ही ऋण असलेली जोडी आत शिरली. तू आकडेमोडीत काही चुकला नाहीस. एकत्र केलेलं समीकरण मूळ समीकरणापेक्षा थोडं सैल असतं, एवढंच. म्हणून मी मुलांना पहिल्याच ओळीत अट लिहायला लावते: क्ष > ० आणि क्ष − २ > ०, म्हणजे क्ष > २. ही ओळ वर लिहिलेली असली की शेवटी −२ समोर काट मारायला विचार करावा लागत नाही.

यावरून "ऋण उत्तर आलं की टाकून द्यायचं" असा नियम मात्र करू नकोस. बरीच मुलं तो करतात आणि मग हमखास अडकतात. लॉग₂(१ − क्ष) = ३ बघ. १ − क्ष = ८, म्हणून क्ष = −७. आत ठेवलं की १ + ७ = ८, धन. उत्तर −७ अगदी बरोबर आहे. याच्या उलट लॉग₂(क्ष − ३) + लॉग₂(क्ष − ५) = ३ घे. (क्ष − ३)(क्ष − ५) = ८, म्हणजे क्ष² − ८क्ष + ७ = ०, म्हणजे क्ष = ७ किंवा १. दोन्ही किंमती धन आहेत, तरी १ चालत नाही, कारण १ − ३ ऋण आहे. क्ष स्वतः धन की ऋण हे बघायचंच नाही. लॉगच्या आतली राशी बघायची.

आणखी एक बारकावा सांगते, कारण तो फार थोड्या वेळा शिकवला जातो. लॉग₁₀(क्ष²) = २ हे समीकरण. घाताचा नियम लावून २ लॉग₁₀ क्ष = २ लिहिलंस तर क्ष = १० एवढंच मिळतं. पण क्ष² = १०० वरून −१० देखील मिळतो, आणि (−१०)² = १०० धन असल्याने तोही खरा आहे. २ खाली आणताना तू नकळत क्ष धन आहे असं धरलंस आणि एक उत्तर हरवलंस. म्हणजे नियम लावताना कधी जादा उत्तर येतं, कधी खरं उत्तर जातं. सम घात खाली आणण्याआधी क्षणभर थांबायचं ते यासाठी.

आता कंसांकडे येते, कारण मार्क बहुतेक वेळा इथेच जातात. लॉगचा भाग दोन ओळींत संपतो आणि उरलेल्या पाच ओळी बीजगणिताच्या असतात.

तुझं उदाहरण: (क्ष + ३)² − (क्ष − १)(क्ष + ५). पहिला भाग तू बरोबर केलास, क्ष² + ६क्ष + ९. दुसरा गुणाकारही बरोबर, क्ष² + ४क्ष − ५. चूक या दोन्हींच्या मधल्या वजा चिन्हात झाली. तू लिहिलंस क्ष² + ६क्ष + ९ − क्ष² + ४क्ष − ५. वजा फक्त पहिल्या पदाला लागलं. वजाबाकी अख्ख्या गुणाकाराची आहे, म्हणून गुणाकाराचं उत्तर आधी कंसातच लिहायचं: क्ष² + ६क्ष + ९ − (क्ष² + ४क्ष − ५). मग पुढच्या ओळीत कंस काढायचा आणि आतली तिन्ही चिन्हं बदलायची: क्ष² + ६क्ष + ९ − क्ष² − ४क्ष + ५ = २क्ष + १४. गुणाकार आणि चिन्हबदल ही दोन कामं आहेत, ती एकाच ओळीत उरकायची घाई करू नकोस. माझ्याकडे येणाऱ्या मुलांची चिन्हांची निम्मी तक्रार केवळ ही एक जादा ओळ लिहिल्याने थांबते.

बरोबर आलंय की नाही हे कुणालाही न विचारता ताडून बघता येतं. क्ष = २ ठेव. मूळ राशी: ५² − (१)(७) = १८. माझं उत्तर: ४ + १४ = १८. तुझं उत्तर: २० + ४ = २४. जमलं नाही, म्हणजे कुठेतरी चूक आहे. ताळ्यासाठी ० आणि १ शक्यतो घेऊ नकोस. ० घेतला की क्ष असलेली सगळी पदं नाहीशी होतात. १ घेतला की क्ष, क्ष², क्ष³ सगळे सारखेच दिसतात आणि घातांकातली चूक लपते. २ किंवा ३ चांगले. किंमत जुळली म्हणजे उत्तर सिद्ध झालं असं नाही, पण जुळली नाही तर उत्तर नक्की चुकलंय.

मोठे कंस असतील तर चौकोन आखून गुणाकार कर. (क्ष + २)(क्ष² − क्ष + ३) साठी दोन ओळी आणि तीन स्तंभ काढ. डावीकडे क्ष आणि २ लिही, वर क्ष², −क्ष आणि ३ लिही, आणि प्रत्येक घरात गुणाकार भर. पहिल्या ओळीत क्ष³, −क्ष², ३क्ष. दुसरीत २क्ष², −२क्ष, ६. सहा घरं, सहा पदं, एकही निसटायला जागा नाही. सजातीय पदं एकत्र केली की क्ष³ + क्ष² + क्ष + ६. क्ष = २ ठेवून ताळा घे: ४ × ५ = २०, आणि ८ + ४ + २ + ६ = २०. हाच चौकोन (क्ष + ३)² साठी काढलास तर मधली दोन घरं, ३क्ष आणि ३क्ष, डोळ्यांसमोर येतात. वर्ग करताना जे ६क्ष विसरलं जातं ते तिथे दिसतं. सवय झाली की चौकोनाची गरज राहत नाही, पण परीक्षेत कच्च्या कामाच्या जागी तो काढायला काहीच हरकत नाही.

हे दोन्ही विषय एकत्र आले की काय होतं ते एका उदाहरणात दाखवते. २ लॉग₃(क्ष − १) = लॉग₃(क्ष + ५). अट: क्ष > १. डावीकडचा २ वर घातात गेला: (क्ष − १)² = क्ष + ५. कंस सोडवला: क्ष² − २क्ष + १ = क्ष + ५. म्हणजे क्ष² − ३क्ष − ४ = ०, क्ष = ४ किंवा −१. अटीमुळे ४ राहिला. ताळा: डावीकडे २ लॉग₃ ३ = २, उजवीकडे लॉग₃ ९ = २.

आता समज कुणी घाईत (क्ष − १)² च्या जागी क्ष² − १ लिहिलं. मग क्ष² − क्ष − ६ = ०, आणि उत्तरं ३ आणि −२. बघ, किती नीटनेटके अवयव पडले! −२ अटीत बसत नाही म्हणून टाकला, ३ ठेवला, आणि मुलगा खुशीत पुढच्या प्रश्नावर गेला. पण ३ मूळ समीकरणात ठेवला तर डावीकडे २ लॉग₃ २, म्हणजे लॉग₃ ४ येतो आणि उजवीकडे लॉग₃ ८. उत्तर पूर्णांकात आलं म्हणजे बरोबर असणार, हा भरवसा धोक्याचा आहे. मूळ समीकरणात किंमत ठेवून बघितल्याशिवाय लॉगचं उत्तर पक्कं मानू नकोस.

कंस सोडवणं हे नेहमीच फायद्याचं नसतं, हेही लक्षात ठेव. (क्ष + १)(क्ष − ४) = ० दिलं असेल तर उत्तर समोरच आहे, −१ आणि ४. ते सोडवून परत अवयव पाडणं म्हणजे केलेलं काम मोडून पुन्हा करणं. ५(क्ष − २)² = ४५ मध्येही आधी ५ ने भाग. (क्ष − २)² = ९, म्हणून क्ष − २ = ३ किंवा −३, म्हणून क्ष = ५ किंवा −१. सजातीय पदं एकत्र करायची असतील, समीकरणाच्या दोन्ही बाजूंना क्ष विखुरलेला असेल, तर कंस सोडव. एका बाजूला तयार गुणाकार आणि दुसरीकडे शून्य असेल तर त्याला हात लावू नकोस. मधली परिस्थिती असेल तर आधी एक ओळ पुढचं बघ आणि मग ठरव. यासाठी एकच एक नियम मला देता येणार नाही.

काही गोष्टी तू कुठली परीक्षा देतोस यावर ठरतात. डिप्लोमाच्या पेपरला साधा, प्रोग्रॅम न करता येणारा कॅल्क्युलेटर चालतो, म्हणून तुला किंमतींचा ताळा पटकन घेता येईल. फक्त दोन बटणांची गल्लत करू नकोस. 'लॉग' लिहिलेलं बटण १० हा पाया धरतं आणि 'एल-एन'चं बटण ई, म्हणजे सुमारे २.७१८ हा पाया. २ हा पाया हवा असेल तर पाया बदलायचा: लॉग₂ १० = लॉग १० ÷ लॉग २ = १ ÷ ०.३०१० = सुमारे ३.३२. हा भागाकार आहे, इथे लॉग(१० ÷ २) करायचं नाही. बारावी बोर्डाच्या भौतिक आणि रसायनच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, त्यामुळे तिकडच्या मुलांना लॉग २ = ०.३०१० आणि लॉग ३ = ०.४७७१ पाठ असलेलं बरं. सीईटीसारख्या पर्यायांच्या परीक्षेत पर्याय थेट समीकरणात ठेवून बघणं बऱ्याचदा झटपट होतं. तुझ्या पेपरला मात्र पायऱ्यांचे मार्क असतात, तेव्हा अटीची ओळ आणि किंमत का टाकली याचं कारण लिहायलाच हवं. पाया लिहिलेला नसेल तर तुझ्या पुस्तकात तो १० धरतात की ई, हे सुरुवातीच्या पानांवर बघून घे, पुस्तकागणिक फरक पडतो.

"आठवीपासून परत सगळं करू का?" सगळं नको. बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकातले घातांक आणि विस्तार सूत्रं एवढे भाग काढ, आणि दहावीतलं वर्गसमीकरण अवयव पाडून सोडवण्याचा भाग. पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, किंवा अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतील. मराठीतूनच कर. संकल्पना मराठीत पक्की झाली की इंग्रजी पुस्तकातल्या त्याच ओळी आपोआप उलगडतात. शाळेचं बीजगणित परत करायची लाज मुळीच वाटून घेऊ नकोस. एरंडवण्यातलं भास्कराचार्य प्रतिष्ठान १९७६ मध्ये स्थापन करणारे श्रीराम अभ्यंकर बैजिक भूमितीतले जगन्मान्य गणिती होते, आणि शाळेतल्या बीजगणितात किती ताकद आहे हे ते आयुष्यभर आग्रहाने सांगत राहिले.

सूत्रांबद्दल म्हणशील तर लॉगचे तीन नियम, पाया बदलण्याचं सूत्र आणि (अ + ब)², (अ − ब)², (अ + ब)(अ − ब) एवढी जिभेवर हवीत. त्यापलीकडचं सरावाने येऊ दे.

सरावाला चार समीकरणं देते. प्रत्येकात आधी अट लिही, मग सोडव, मग ताळा घे.

लॉग₂(क्ष + ७) − लॉग₂ क्ष = ३
लॉग₃ क्ष + लॉग₃(क्ष − ८) = २
लॉग₅(क्ष² − ४क्ष) = १
लॉग(क्ष − ५) = लॉग(२क्ष − ३)

पहिल्याचं उत्तर १, दुसऱ्याचं फक्त ९. तिसऱ्यात ५ आणि −१ दोन्ही चालतात, का ते आत किंमत ठेवून बघ. चौथ्यात क्ष = −२ येतो, पण दोन्ही लॉगच्या आत −७ होतात, म्हणून त्याला उकल नाही, आणि पेपरातही "उकल नाही" असंच लिहायचं. यातलं एखादं जुळलं नाही तर तुझ्या सगळ्या पायऱ्यांचा फोटो पाठव. नुसतं उत्तर पाठवलंस तर चूक कुठे झाली ते मला सांगता येणार नाही.